एकवीस फळ्या आणि दोन पंख

मी खडकीची. जन्म खडकीचा, शाळा खडकीची, नोकरी खडकीची, आणि लग्नानंतर घर घेतलं तेही खडकीतच, कारण पहिल्या पाळीचा भोंगा ऐकू आला नाही तर आपल्याला जाग येणार नाही असं मला खरंच वाटायचं. आता निवृत्त झाले तरी भोंग्यालाच उठते. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, दारूगोळ्याच्या कारखान्यात सुतार होते. सुतार म्हटलं की लोकांना पलंग आठवतो, कपाट आठवतं. दादांनी आयुष्यभर खोकी केली. माल भरून पाठवायची लाकडी खोकी. एका खोक्याला खिळे किती, कुठे, किती अंतरावर, सगळं कागदावर ठरलेलं. आणि खोकं झालं की आतल्या कोपऱ्यात तापलेल्या सळईनं स्वतःचा नंबर उठवायचा. दादांचा नंबर एकशे बेचाळीस. दादा म्हणायचे, सुनंदा, हे खोकं कुठे तरी लांब सीमेवर उघडणार, उघडणाऱ्याला मी दिसणार नाही, नंबर दिसेल, त्या नंबराला लाज वाटायला नको.

दादा नोकरीत असतानाच गेले. मी बावीस वर्षांची होते, त्यांच्या जागी मला घेतलं, पण खोक्यांवर नाही, तपासणीला. काम काय, तर तयार झालेले भाग मोजायचे. मापात बसला तर माझा शिक्का, नाही बसला तर लाल रंगाचा पट्टा. मी नवीन असताना विचारलं होतं, नापास माल बाजूला ठेवला की झालं, रंग कशाला. आमचे साहेब म्हणाले, बाजूला ठेवलेलं महिनाअखेरीच्या घाईत पासात शिरतं, लाल केलेलं शिरत नाही. एकतीस वर्षं मी हेच केलं. पास, शिक्का. नापास, लाल. ओळखीचा माणूस म्हणून कुणाचा भाग सोडला नाही, आणि नावडता माणूस म्हणून कुणाचा अडवला नाही. त्यामुळे मैत्रिणी कमी झाल्या, त्याला इलाज नाही.

आमचे हे मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याकडे काट्यावर आहेत. कांदा, बटाटा, लसूण, पोतं काट्यावर येतं, हे वजन सांगतात. मी मापाची, हे वजनाचे, लग्न जमवणारानं हिशेबानंच जमवलं असणार. पहाटे चारला घर सोडतात, दुपारी एकला परत येतात आणि जेवून जिथे टेकतील तिथे झोपतात. हे झोपेचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमची एकुलती एक प्रज्ञा. तिनं आणि जावयांनी विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. दादांची पुस्तकं माझ्याकडे तीन पत्र्याच्या पेट्यांत होती. खोकी ठोकणारा माणूस, पण पगाराच्या दिवशी एक पुस्तक घेतल्याशिवाय घरी यायचा नाही. प्रज्ञा म्हणाली, आई, आजोबांची पुस्तकं आता माझ्या हॉलमध्ये भिंतभर लावायची. मला काय वाटलं ते काय सांगू तुम्हाला. मी म्हटलं, माप मी घेते.

भिंत मी तीन ठिकाणी मोजली, वर, मध्ये, खाली. सगळ्यात कमी आली ती तेहतीसशे सदुसष्ट मिलिमीटर. दोन मिलिमीटर मोकळीक सोडली, राहिले तेहतीसशे पासष्ट. चार उभ्या फळ्या वीस-वीस जाडीच्या, ऐंशी गेले. उरले बत्तीसशे पंच्याऐंशी, भागिले तीन खण, एक हजार पंच्याण्णव. बाकी शून्य. तीन खण, प्रत्येकात पाच आडव्या फळ्या, पंधरा फळ्या. हे सगळं कागदावर लिहून, खाली सही करून, मी कंत्राटदाराच्या हातात दिलं.

कंत्राटदार म्हणजे किरणशेठ. शनिवार पेठेत त्याचं दुकान आहे, बाहेर काचेत नमुन्याचं कपाट, आत एसी. जावयांच्या ओळखीचा. त्यानं माझा कागद पाहिला, चारात घडी घातली, खिशात टाकला, आणि मला त्याचं कार्ड दिलं. जाड, सोनेरी अक्षरांचं. म्हणाला, ताई, काळजी नको, आपण नजरेनं माप ओळखतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घरभरणीच्या दिवशी मी कपाट पहिल्यांदा पाहिलं. बुद्धवंदना झाली, खीर वाटायला सुरुवात झाली, आणि माझं लक्ष भिंतीच्या डाव्या कोपऱ्याकडे. तिथे पुट्टी भरून वरून एक बारीक पट्टी ठोकलेली. पट्टी कशाला? फट झाकायला. मी पदर सावरत उठले, पर्समधली छोटी टेप काढली, पट्टीच्या कडेनं मोजलं. चौदा मिलिमीटर. सुतारांच्या हिशेबात साडेचार सूत. आणि मधल्या खणातली फळी बोट लावलं की हलत होती, कारण तिची टोकं काटकोनात कापलेली नव्हती. किरणशेठ तिथेच होता, खीर खात. मी त्याला हळूच म्हटलं, अहो, ही फट कशी. तर तो हळू नाही बोलला. वाटी खाली ठेवली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, ताई, माप तुम्हीच दिलंत ना, फॅक्टरीतल्या बायकांचं माप बॉम्बगोळ्याला चालतं, घराला चालत नाही.

लोक हसले. विहीणबाई हसल्या. जावई हसले नाहीत, पण खाली बघून मिशीवरून हात फिरवला, ते एकच. आणि प्रज्ञा, माझी मुलगी, मला म्हणाली, आई, जाऊ दे ना, होतं कधी कधी चुकून. चुकून. म्हणजे तिनंही धरलं की चूक माझी.

बाकी कुणी काही म्हणालं असतं तर मी रात्री विसरून गेले असते. पण एकतीस वर्षांत माझ्या शिक्क्याचा एक भाग परत आला नव्हता, आणि ज्या भिंतीवर दादांची पुस्तकं बसायची त्या भिंतीवर माझ्या नावानं पुट्टी भरलेली. मी खीर संपवली, वाटी धुऊन ठेवली, आणि मनात ठरवलं. ह्या माणसाच्या पंधराच्या पंधरा फळ्या मी उतरवणार, माझ्या हातानं नव्या बसवणार, आणि त्याच्या त्याला परत करणार. भांडायचं नाही, मोजून दाखवायचं.

पुढच्या आठवड्यात मी करवत आणली. मायटर सॉ म्हणतात तिला. गोल पातं असतं, फळी लोखंडी पाट्यावर ठेवायची आणि दांडा धरून पातं खाली आणायचं, हव्या त्या कोनात काप मिळतो. हे म्हणाले, आणखी काय आणणार आहेस, तोफ? मी म्हटलं, लागली तर आणीन. दादांबरोबर लहानपणी लाकूड धरलं होतं, अगदीच अडाणी नव्हते. पण माझी पहिलीच अडचण अशी की आठ फुटी फळी, म्हणजे चोवीसशे अडतीस मिलिमीटर, आणि करवतीचा पाटा रुंद जेमतेम पाचशे. म्हणजे फळी दोन्हीकडे हवेत. लांब टोक कुणी धरलं नाही तर ते खाली वाकतं, आणि शेवटच्या बोटभर कापाला फळी मोडून कड फाटते.

तर धरायला हे. दुपारी दीडला जेवले की गॅलरीत उभे, हातात फळीचं टोक. पहिल्या मिनिटाला टोक बरोबर उंचीवर, दुसऱ्या मिनिटाला बोटभर खाली, तिसऱ्या मिनिटाला घोरणं. उभ्या उभ्या. मी ओरडायचे, अहो, पडतंय. हे दचकून टोक इतकं वर करायचे की फळी पाट्यावरून उठायची. तीन फळ्या अशा वाया गेल्या. शेवटी हे म्हणाले, सुनंदा, पोतं काट्यावर ठेवलं की काटा धरत बसावं लागत नाही, तुझ्या ह्या यंत्राला हातपाय नाहीत का? मी म्हटलं, नाहीत. म्हणाले, मग दे की.

राग आला, पण बरोबर होतं. मग मी पंख करायला बसले. करवतीच्या टेबलाला दोन बाजूंना दोन फळ्या, पाट्याच्या उंचीवर, फळी कापताना आधार देतील आणि काम झालं की खाली मिटतील. मिटायलाच हवेत, कारण गॅलरीत कपडे वाळतात, वॉशिंग मशीन आहे, माणसं राहतात. उंची अशी काढली: टेबल आठशे वीस, त्यावर करवतीचा पाटा शहाऐंशी, एकूण नऊशे सहा. पंख बिजागरीवर खाली लोंबणार, म्हणजे त्याची लांबी नऊशे सहाच्या आत हवी. आठशे साठ ठेवली. खाली शेहेचाळीस मिलिमीटर मोकळे, फरशी पुसताना फडकं जायला. पंखाखाली तिरका टेकू, तोही मिटणारा. सतरा दिवस कागदावर काढलं आणि खोडलं. रोज झोपताना डोळ्यांसमोर किरणशेठची खिरीची वाटी असायची, त्यामुळे कंटाळा आला नाही. लोक म्हणतात राग वाईट. मी सांगते, मोजून वापरला तर रागाइतकं टिकाऊ इंधन नाही.

पंख बसले. पाणसळ लावली, बुडबुडा मध्ये. ह्यांना सुट्टी दिली. एकटीनं तीन फळ्या कापल्या, प्रत्येकीतून दोन तुकडे, सहा झाले. आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून बघते तर काय, एकही टोक काटकोनात नाही. पातं मध्येच अडकत होतं, फळी उसळत होती, मला वाटलं नवीन यंत्र आहे, बसेल. मापं घेतली, एक हजार चौऱ्याण्णव, शहाण्णव, परत चौऱ्याण्णव. सहामध्ये पंच्याण्णव एकही नाही. मी गॅलरीत खाली बसले. किरणशेठचं हसणं कानात. फॅक्टरीतल्या बायकांचं माप.

दोन दिवस शोधत होते. तिसऱ्या दिवशी लांब सरळ पट्टी पाट्यावर टेकवून पंखाकडे सरकवली तर ती पंखाला ठेचकाळली. पंख दोन मिलिमीटर वर. दोन्ही. फळी पंखांवर टेकायची आणि मध्ये पाट्यावर पोकळी राहायची, पातं खाली आलं की फळी दबायची, काप मिटायचा, पातं आवळलं जायचं. पण पंख वर कसे? शहाऐंशी मी स्वतः मोजलेलं. मोजलं होतं, पण केव्हा, करवत स्वयंपाकाच्या ओट्यावर सुटी ठेवलेली असताना. तिला खाली रबराचे चार पाय आहेत. टेबलाला बोल्ट आवळल्यावर ते रबर दोन मिलिमीटर दबलं. एकतीस वर्षं मी नवीन मुलींना शिकवलं की वस्तू काम करताना जशी असते तशी धरून मोजा, आणि स्वतः सुटी मोजली. तपासणीवाल्या बाईनं पाय न आवळता पाटा मोजला. ह्याला दुसरं नाव नाही, चूक.

मी लाल रंगाचा डबा उघडला आणि सहाही फळ्यांवर लाल पट्टा मारला. हे म्हणाले, अगं, कोण बघणार आहे, मागच्या खणात खपून जातील. मी म्हटलं, तेच तर किरणशेठला वाटलं होतं.

मग रबराचे पाय काढून टाकले, करवत सरळ लाकडावर बसवली, आवळली, आणि मग मोजलं. पंखांच्या टेकूला बोल्ट लावले, फिरवून उंची कमीजास्त करता येईल असे. पाणसळ बाजूला ठेवली, कारण पंख जमिनीशी नाही, पाट्याशी जुळायला हवा. पट्टी पाट्यावर ठेवायची, पंखावर न्यायची, आणि खाली फट आहे का बघायला किरणशेठचं कार्ड सरकवायचं. तीन दशांश मिलिमीटर जाड, मी मोजलंय. कार्ड आत गेलं की बोल्ट फिरवायचा, कार्ड जाईना झालं की पंख बरोबर. सोनेरी अक्षरं आता निम्मी पुसली गेली आहेत. पंधरा फळ्या कापल्या. पंधराही एक हजार पंच्याण्णव, गुण्याला चिकटून.

रविवारी प्रज्ञाकडे गेले, हे बरोबर, आणि टेम्पो खाली उभा. प्रज्ञा दारातच म्हणाली, आई, तू खरंच करणार आहेस हे? किती दिवस धरून ठेवशील? मी म्हटलं, स्क्रू काढायला मदत कर. विहीणबाई सोफ्यावर बसून बघत होत्या. पट्टी काढली, पुट्टी भसाभसा खाली पडली, मी ती सुपलीत भरून बाजूला ठेवली. सगळ्यात वरची फळी प्रज्ञानं आणि ह्यांनी धरून उतरवली, उलटी केली, आणि प्रज्ञा थांबली. फळीच्या पाठीवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, एकूण रुंदी अकरा फूट, सरसकट. अकरा फूट म्हणजे तेहतीसशे त्रेपन्न. भिंत तेहतीसशे सदुसष्ट. वजाबाकी मी सांगितली नाही. प्रज्ञा इंजिनिअर आहे, तिनं केली. मग म्हणाली, आई, चौदा. मी म्हटलं, हो. तिचे डोळे भरले, पण मी पुढचा स्क्रू काढायला घेतला, कारण मला राग राखून ठेवायचा होता, पुढे लागणार होता. विहीणबाई उठून आत गेल्या आणि न विचारता चहा ठेवला. हिशेबात तेही धरलं.

उभ्या फळ्या त्याच ठेवून नवीन कपाट संध्याकाळपर्यंत उभं राहिलं. दोन्ही कडांना एक एक मिलिमीटर. आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असा, मी सळई तापवून नंबर उठवला, एकशे बेचाळीस.

सोमवारी सकाळी अकराला टेम्पो शनिवार पेठेत. प्रज्ञा म्हणाली, मी येणार, तिनं सुट्टी टाकली. किरणशेठच्या फळ्यांवर मी आदल्या दिवशीच लाल पट्टे मारले होते आणि प्रत्येकीवर किती कमी, किती वाकडी, ते खडूनं लिहिलं होतं. दुकानासमोर फुटपाथच्या कडेला एकेक फळी उभी करायला सुरुवात केली. एक स्कूटरवाले काका थांबले, विचारलं, विकायच्या का? मी म्हटलं, नाही, परत करायच्या. ते म्हणाले, मग थांबतो, आणि स्कूटर स्टँडला लावली.

किरणशेठ बाहेर आला. अहो ताई, हा काय तमाशा, रस्ता आहे हा. मी म्हटलं, रस्ताच आहे, तुम्ही माझ्याबद्दल माझ्या मुलीच्या घरात बोललात, मी तुमच्या दारात बोलते. कसलं बोलणं? म्हटलं, वाचण्याचं. आणि वाचलं. भिंत तेहतीसशे सदुसष्ट, ही माझ्या कागदाची झेरॉक्स. कपाट अकरा फूट, हे तुमच्या पेन्सिलीनं. ही दीड मिलिमीटर तिरकी, ही दोन, ही तीन. पंधराच्या पंधरा वाचल्या. आवाज चढवला नाही, तपासणीत आवाज चढवायची पद्धत नाही. आत एक जोडपं लॅमिनेटचे नमुने बघत बसलं होतं. सातव्या फळीला ते दारात आले, बाराव्या फळीला नमुना काउंटरवर ठेवून निघून गेले. किरणशेठ म्हणाला, मिस्त्रीची चूक असेल. त्याचा मिस्त्री, पिकल्या मिशांचा माणूस, दारातच उभा होता. म्हणाला, शेठ, मी माप मागितलं तर तुम्ही म्हणालात अकरा फूट धर. स्कूटरवाले काका म्हणाले, वा.

मग मिस्त्रीनं फळ्या मोजल्या, आणि मोजून म्हणाला, शेठ, ह्या एकवीस आहेत, आपल्या पंधरा होत्या. किरणशेठच्या चेहऱ्यावर जीव आला. बघा, बघा ताई, मोजमापाच्या गोष्टी करता, ह्या सहा माझ्या नाहीतच, ह्या वरच्या कुणाच्या?

मी ह्याचीच वाट बघत होते. म्हटलं, त्या माझ्या. माझ्या हातून चुकल्या, माझे पंख दोन मिलिमीटर वर होते. त्यांनाही लाल पट्टा मीच मारला आणि तुम्हाला दाखवायला मुद्दाम आणल्या. फरक एवढाच, मी त्या कुणाच्या घरात बसवल्या नाहीत, आणि त्यांचं खापर कुणाच्या आईवर फोडलं नाही.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, पण ही शांतता हसण्यापेक्षा बरी होती. मी माझ्या सहा फळ्या उचलून टेम्पोत ठेवल्या, त्याच्या पंधरा तिथेच सोडल्या. टेम्पोत चढताना प्रज्ञा वळली आणि त्याला म्हणाली, त्या दिवशी मी आईला चुकलीस म्हणाले होते, ते वाक्यही परत नेते. बस्स. मला एवढंच हवं होतं. बाकी सगळं त्याच्यासाठी होतं, हे माझ्यासाठी.

वाईट वाटलं का विचारता? नाही वाटलं. खोटं कशाला सांगू. अजूनही त्या बाजूनं रिक्षा गेली तर मी काचेतलं ते नमुन्याचं कपाट बघते. थोडं डावीकडे झुकलंय.

आता बरं चाललंय. हे दुपारी हक्कानं झोपतात. प्रज्ञा पडद्याची दांडी घ्यायची असली तरी आधी मला फोन करते, आई, माप घ्यायला ये. त्या सहा नापास फळ्यांचं मी चपलांचं खोकं केलं, लाल पट्टे तसेच ठेवून, दारातच आहे, येताना पाहिलं असेल तुम्ही. कार्ड ड्रॉवरमध्ये आहे, दर महिन्याला पंख तपासायला लागतं, तेवढा उपयोग त्या माणसाचा मी नाकारत नाही. आणि रोज संध्याकाळी दिवा लावून आम्ही वंदना करतो, शेवटी सर्वांचं मंगल होवो म्हणतो. सर्वांत तोही आला, हे मला कळतं. मी शब्द गाळत नाही, एकही दिवस गाळला नाही. फक्त सर्वांचं म्हणताना माझा आवाज जरासा खाली जातो, आणि शेजारी बसलेले हे डोळे न उघडता म्हणतात, सुनंदा, पंख पडला. मग मी आवाज परत वर घेते, आणि पाट्याच्या उंचीला आणून म्हणते.